वेंडलदाजींची न संपलेली फेरी

टर्टल बेंड, आयोवा
१७ सप्टेंबर

प्रिय अर्डिथताईस,

मर्लचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो, पेनाचं टोपण खाली पडलं म्हणून, तेवढ्यात उरकून घेतला.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडच्या कोरड्या हवेनं दुखणं पळतं असं तू लिहिलं होतंस. ते पळून इकडे माझ्या कंबरेत आलंय, तेव्हा तिकडे शोधत बसू नकोस. ॲरिझोनात अंगणात गवताऐवजी खडी पसरतात आणि तीही विकत आणून, हे वाचून तुझी भावजय लव्हर्न दिवसभर हसत होती. ती ठीक आहे. टोमॅटो बाटल्यांत भरायचं काम चालू असल्यामुळे स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी गॅरेजमध्ये पेटाऱ्यावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं दिसलं तर दोष पेटाऱ्याला दे. मका यंदा डोक्याच्या वर गेलाय. चर्चच्या जेवणातल्या बटाट्याच्या कॅसरोलची कृती तू बरोबर घेऊन गेलीस का, असं तीन बायकांनी मला तीन वेगवेगळ्या रविवारी विचारलं. मी नाही म्हणालो. घेऊन गेली असशील तर ते आपल्या दोघांत राहू दे.

आता मुद्द्याचं. तू जूनमध्ये विचारलं होतंस, 'एप्रिलचं सगळं नीट झालं ना रे मर्ल्या?' आणि मी कार्डावर 'सगळं छान झालं' असं तीन शब्दांत उरकलं होतं. ताई, मी कधी तीन शब्दांत थांबतो का? तिथंच तुला शंका यायला हवी होती. छान झालं नाही. दाजी गेले, पण नेमबाजीतली त्यांची शेवटची फेरी संपलेलीच नाही, ती एप्रिलपासून चालू आहे. चार नंबरच्या मैदानाला लाल दोर बांधलाय, आत कोणी जात नाही, आणि येत्या १२ ऑक्टोबरपर्यंत ती फेरी रीतसर बंद झाली नाही तर हॉलिस प्रुइट (अजून क्लबचा अध्यक्ष तोच आहे, दुसऱ्या कोणाला व्हायचं नाही) बुलडोझर आणून तिथला गोळ्या अडवणारा मातीचा बांध सपाट करणार आहे. बांध गेल्यावर ती फेरी कुठं उभं राहून बंद करायची? मग दाजी कायमचे तिथंच. आणि ती बंद करायचं काम जगात एकाच माणसाचं आहे, आणि तो माणूस पेटाऱ्यावर बसून तुला पत्र लिहितोय.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे, पण मी क्रमानं सांगितलं नाही तर मला सांगताच येत नाही, हेही तुला ठाऊक आहे. आपल्याकडे मेंबर गेला की पुढच्या स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव तसंच ठेवतात. पाळी आली की पुकारतात. नेमबाजाच्या चौकटीत कोणी उभं राहत नाही, पण पंच मागे टायमर घेऊन उभा राहतो आणि जित्या माणसाला देतो तेच हुकूम देतो. 'भरा.' मग 'तयार?' मग 'थांबा...' आणि टायमर टीं करतो. त्या माणसाला एरवी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ सगळे गप्प. मग पंच म्हणतो, 'झालं असेल तर रिकामी करा, दाखवा.' मग 'रिकामी आहे, झेंडी लावा.' आणि शेवटी 'मैदान मोकळं.' हे शेवटचं म्हटल्याशिवाय रेषेच्या पुढं कोणी पाऊल टाकत नाही, मग आग लागो की वीज पडो. (तू आली नाहीस हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. 'चर्चमध्ये एकदा निरोप दिलाय, आता टायमरवर दुसऱ्यांदा देणार नाही' असं तू म्हणालीस ते मला पटलं होतं. लव्हर्नला पटलं नव्हतं, पण ते असो.)

पंच मीच होतो, दुसरं कोण असणार? हॉलिसनं यादीतून वाचलं, 'वेंडल ब्रेग', आणि तीस माणसांनी टोप्या काढल्या. मी 'भरा' म्हणालो. 'तयार?' म्हणालो. इथं नेमबाज काही बोलला नाही तर तो तयार आहे असं समजायचं असतं, आणि दाजी या प्रश्नावर आयुष्यात कधी बोलले नाहीत, तेव्हा तेही नेहमीसारखंच झालं. टायमर वाजला. दाजींना त्या फेरीला अठ्ठावीस सेकंद लागायचे. (हॉलिस म्हणतो छत्तीस, पण हॉलिसच्या मनात दाजींबद्दल पहिल्यापासून आकस.) वारा पडला होता. पलीकडच्या शेतातला ट्रॅक्टर का कोण जाणे, त्याच क्षणी बंद झाला. आणि ताई, त्या शांततेत माझ्या गालावर बारीक बारीक फुंकरी यायला लागल्या, एकामागून एक. इतकी वर्षं नेमबाजांच्या मागे उभं राहून मला ती फुंकर ओळखता येते. प्रत्येक गोळीला एक येते. आवाज नाही, दारूचा वास नाही, नुसती फुंकर. मी मोजल्या नाहीत. मग आभाळातून सुपारीएवढ्या गारा कोसळल्या, सगळे पत्र्याच्या शेडकडे पळाले, मीही पळालो, गारा थांबेपर्यंत पुठ्ठ्याच्या लक्ष्यांचा लगदा झाला होता. हॉलिसनं स्पर्धा रद्द केली आणि माणसं घरी गेली. शेवटचे हुकूम द्यायचे राहूनच गेले. संध्याकाळी टायमर पुसून ठेवताना पाहिलं तर त्यावर बावीस गोळ्या. आता टायमरला कान असतो, मोठा आवाज झाला की तो गोळी समजून मोजतो, आणि पत्र्यावर गारा पडल्या तर तो मोजणारच. तरी ती फेरी वीस गोळ्यांची होती आणि दाजी कायम दोन जास्त झाडायचे, हे मला आठवलं. मी टायमर खणात ठेवला आणि वर टॉवेल टाकला.

त्यात दाजींची ती आखूड बंदूक, ती कार्बाइन. तू जाताना माझ्या हवाली केलीस आणि वर बजावलंस, 'भिंतीवर टांगू नकोस, स्पर्धेत वापर, आणि त्यांच्यासारखा हट्टीपणा करू नकोस.' ऐकलं तुझं. आधी तिला माझ्या मापाची करायला घेतली. दाजींचे हात लांब, त्यामुळे दस्ता शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर ओढलेला. मी तो दोन खाचा आत घेतला, नाहीतर माझी मान कोंबडीसारखी पुढं जाते. नळी साफ केली. वरच्या लाल ठिपक्याच्या दुर्बिणीचे स्क्रू घट्ट करून त्यांवर रंगाची रेघ ओढली, सैल झाले तर लगेच दिसावं म्हणून. मग एक नंबरच्या मैदानात पंचवीस यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकवून ठिपका जुळवला. पाच-पाच गोळ्यांचे चार पुंजके मारले, शेवटचा कॉफीच्या कपाच्या तोंडात मावेल असा. इथवर कोणीही करेल. गोम आहे ती जवळच्या लक्ष्याची. ठिपका नळीच्या वर दोन-अडीच बोटं बसतो, म्हणून सात पावलांवर ठिपका जिथं धराल त्याच्या दोन बोटं खाली गोळी लागते. जवळ आलं की वर धरायचं, बस, एवढंच. हे मी दाजींना किती वर्षं सांगितलं? तुझ्यासमोर सांगितलं. तुझ्या साठीच्या केकवर सुरीनं रेघा ओढून सांगितलं (त्याबद्दल पुन्हा एकदा माफी). आणि त्यांचं एकच, 'ठिपका जिथं, गोळी तिथं, मर्ल. बाकी सगळं पुस्तकी.' मग जवळच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर त्यांची भोकं मुकाट्यानं दोन बोटं खाली. स्पर्धेत भोकांवरून वाद झाला की आम्ही म्हणायचो, खालची ती वेंडलची, आणि वाद मिटायचा.

मेच्या स्पर्धेला सकाळी पिशवी उघडली तर दस्ता शेवटच्या खाचेवर. मी आत घेतला. जूनला परत बाहेर. लव्हर्नला सांगितलं तर ती म्हणाली, 'तूच ओढला असशील नि विसरला असशील. परवा तुझा चष्मा लोण्याच्या डब्यामागे सापडला.' चष्म्याचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात, आणि त्या खाचेवर दस्ता ठेवला तर माझं बोट चापापर्यंत धड पोचतसुद्धा नाही. मग मी कशाला ओढीन?

जूनमध्ये चार नंबरला केंड्राची पाळी होती. (केंड्रा तुला आठवेल. दातांच्या दवाखान्यात काम करते, कोणी जांभई दिली तरी दाढा मोजते. ती दोन वर्षांपूर्वी पंच झाली आणि तिला मीच शिकवलं, त्यामुळे अतिशय कडक आहे.) ती फेरी मारून आली, मैदान मोकळं झालं, माणसं भोकं मोजायला पुढं गेली, तर जवळच्या तिन्ही पुठ्ठ्यांवर दोन-दोनच्या जागी चार-चार. दोन तिची मधोमध, आणि त्यांच्या खाली दोन बोटांवर आणखी दोन. आता मागच्याची भोकं चिकटपट्टीनं बुजवायची राहिली तर पुढच्याला फेरी पुन्हा द्यावी लागते, हे ठरलेलंच आहे. हॉलिस ओरडला, 'आळशी लेको, पट्ट्या काय शोभेला दिल्यात?' या वेळी मी रेषेवर उभा राहून नावानिशी एकेकाकडून एकेक भोक बुजवून घेतलं. केंड्रा पुन्हा गेली. पुन्हा चार-चार. तिनं टायमर पाहिला, वीसच्या जागी बेचाळीस. तिनं तो माझ्यापुढं धरला. हॉलिस म्हणाला, 'शेजारच्या मैदानातला आवाज धरला असेल.' शेजारच्या मैदानात त्या वेळी सगळे सॉसेज खात बसले होते. तरी आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण दुसरं करणार काय?

जुलैत स्पर्धेनंतरच्या बुधवारी मी गवत कापायला गेलो. दुपारचे साडेबारा, मैदानावर चिटपाखरू नाही. चार नंबरला चौकटीच्या आसपास यंत्र फिरवलं, वळलो, दुसरा फेरा मारायला आलो, तर नुकत्याच कापलेल्या गवतात पितळ चमकतंय. मी काही आंधळा नाही, पहिल्या फेऱ्याला तिथं काही नव्हतं. उतरून पाहिलं तर रिकाम्या पुंगळ्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला हिरव्या मार्करचा टिपका. आपल्या पुंगळ्या दुसऱ्यानं उचलू नयेत म्हणून दाजी टेबलाशी बसून तासन्तास ते टिपके लावायचे, आणि तू त्यांना म्हणायचीस की एवढा वेळ कुंपण रंगवायला दिला असता तर गावभर कुंपण झालं असतं. बावीस होत्या. गरम होत्या. उन्हात पितळ गरम असणारच, एवढी अक्कल मला आहे. पण त्या शेडच्या सावलीत पडल्या होत्या. मी यंत्र बंद केलं आणि उगाचच मोठ्यानं म्हणालो, 'दाजी, गवत कापतोय, जरा दमानं घ्या.' पलीकडच्या मक्यात किडे किरकिरत होते, ते गप्प झाले. रेषेच्या पुढचं गवत मी त्या दिवशी कापलं नाही. का नाही ते आत्ता विचारू नकोस.

आणि मग ऑगस्ट. ऑगस्टमध्ये मी बाद झालो. हो, मी! तीस वर्षांत मी अकरा जणांना बाद केलं, एकाला तर त्याच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, आणि माझ्याकडं कोणी बोट दाखवलं नव्हतं. कारण ती झेंडी. कार्बाइन चौकटीबाहेर असली की तिच्या गोळीच्या घरात ती पिवळी प्लॅस्टिकची झेंडी खोचलेली हवीच, म्हणजे रिकामी आहे हे लांबून दिसतं. काढायची ती फक्त चौकटीत, 'भरा' म्हटल्यावर. माझी कार्बाइन मागच्या लाकडी घोडीवर उभी होती, झेंडी लावून, तोंड वर. दहा पावलांत कोणी नाही. हॉलिस चौकटीत, केंड्रा पंच. ती म्हणाली, 'भरा.' मागे टप् आवाज झाला. झेंडी जमिनीवर. केंड्रानं आधी हॉलिसची फेरी शांतपणे संपवली, 'मैदान मोकळं' म्हणाली, मग माझ्याकडं आली. 'मर्लकाका, झेंडी.' मी म्हणालो, सैल झाली असेल. सगळ्यांसमोर नवी पाकिटातून काढली, घर रिकामं आहे हे तिघांनी वाकून पाहिलं, झेंडी दाबून बसवली. पुढचा नेमबाज चौकटीत गेला. 'भरा.' टप्. वाऱ्यानं उडाली असती तर लांब पडली असती. ही सरळ खाली पडली, बोटांत धरून काढावी आणि सोडून द्यावी तशी. केंड्राचा चेहरा उतरला होता, पण आवाज हलला नाही. 'काका, पहिल्यांदा ताकीद दिली. आता तुम्ही बाद.' मी एका शब्दानं वाद घातला नाही. शिकवलं कोणी होतं तिला!

दुपारी ती गाडीच्या मागच्या फळीवर बसून टॅबलेटवर हंगामाचे गुण जुळवत होती आणि ते जुळेनात. एप्रिलची स्पर्धा बंदच होईना. रद्द केली तरी होईना. एका नावापुढं 'फेरी चालू' असं लुकलुकत होतं. तिनं ते नाव वाचलं आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, 'काका, त्या दिवशी तुम्ही मैदान मोकळं म्हणाला होतात का?' मी म्हणालो, गारा पडल्या गं. विसरलो.

आणि इथं मला आपल्या लोकांचा अभिमान वाटावा की कपाळावर हात मारून घ्यावा, हे अजून ठरलेलं नाही. एकही माणूस 'भूत' म्हणाला नाही. हॉलिस पांढराफटक पडला आणि म्हणाला, 'म्हणजे एप्रिलपासून आपण चालू मैदानात हिंडतोय? नळीच्या पुढं?' चार नंबरमध्ये पट्ट्या चिकटवत असलेले पाच जण जिवाच्या आकांतानं रेषेमागं आले, त्यातल्या एकाचा बूट तिथंच राहिला, तो अजून तिथंच आहे. सगळ्यांनी कानांवर झाकणं चढवली. केंड्रानं विचारलं, 'नळी कुठल्या दिशेला असेल?' आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, नेम वाईट होता, हट्टी तर एक नंबरचे होते, पण तीस वर्षांत वेंडल ब्रेगची नळी एकदाही बांधावरून हलली नाही. कोणाकडं वळली नाही. चापावर बोट वेळेआधी गेलं नाही. हे सांगताना माझा आवाज मध्येच गेला, आणि हॉलिस माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, 'मग काळजी नाही.' इतका चांगला वागला तो, की मला त्याचा रागच आला.

कमिटीची बैठक शेडमध्येच झाली, पाय-पेस्ट्री आणि कॉफी घेऊन. (पेस्ट्री रूबार्बच्या आंबट देठांची होती, तुझ्या हातच्यासारखी नव्हती.) इतिवृत्तात लिहिलंय, मी स्वतः वाचलं: 'मैदान चार. एक नेमबाज चौकटीत. दोर बांधावा.' ज्यानं फेरी चालू केली त्यानंच ती बंद करायची असते, त्यात मतभेद नाही. हॉलिस म्हणाला, 'दोन मिनिटांचं काम आहे, मर्ल. जा आणि म्हणून टाक.' आणि १२ ऑक्टोबरच्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत झालं नाही तर बांध सपाट, तिथं गाड्या लावायला जागा, कारण मैदानात कायमचा एक नेमबाज असल्यावर विमा कंपनीला काय लिहून द्यायचं हे त्याला कळत नाही. जुन्या रेल्वेची लाकडं रचून, वर माती ओढून दाजींनी एकट्यानं एका उन्हाळ्यात घातलेला तो बांध आहे, हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणूनच तर ऑक्टोबरपर्यंत थांबतोय.'

तर गेल्या मंगळवारी दुपारी मी एकटाच गेलो. दोर ओलांडला, चौकटीमागे उभा राहिलो, टायमर हातात धरला आणि सगळे हुकूम खणखणीत आवाजात दिले. काही उपयोग झाला नाही. बुधवारी कपाट उघडलं तर दस्ता परत बाहेर, आणि केंड्राचा टॅबलेट अजून लुकलुकतोय. दाजींनी जिवंतपणी कधी माझं ऐकलं, की आता ऐकतील? तेव्हा माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नाही, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. बाकी इकडचं सगळं जागच्या जागी आहे, एक दाजी सोडले तर. मुलीला आणि जावईबापूंना माझा आशीर्वाद सांग, आणि उन्हात बिनटोपीची हिंडू नकोस.

तुझाच,
मर्ल

ता. क. कार्बाइनची चिंता करू नकोस. ती रिकामी, झेंडी लावून कपाटात कुलपात आहे आणि गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. झेंडी खाली पडलेली असते रोज सकाळी, मी परत लावतो. त्याची आता सवय झालीय.

आणखी एक ता. क. तुला १२ ऑक्टोबरला इकडे येता येईल का? पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, मध्ये बाकीचं आलं. लव्हर्ननं वरची खोली आवरून ठेवली आहे. दाजी माझं ऐकत नाहीत, पण तू 'वेंडल, पुरे आता' म्हणालीस की ते खाली ठेवायचे, हे तीस माणसांनी तीस वर्षं पाहिलंय. नियमात बसत नाही, पण मी केंड्राशी बोललोय, ती त्या वेळी बुटाची नाडी बांधेल.

शेवटचा ता. क. लव्हर्न बाटल्या ठेवायला गॅरेजमध्ये आली, माझ्या खांद्यावरून तिनं हे सगळं वाचलं आणि म्हणाली, 'खरं लिही, नाहीतर मी लिहीन.' म्हणून लिहितो. ताई, मी विसरलो नव्हतो. गारा आल्या त्या चांगलं मिनिटभर उलटल्यावर. अठ्ठावीस सेकंद कधीच होऊन गेले होते, हॉलिसचे छत्तीससुद्धा. फुंकरी थांबल्या होत्या. शब्द जिभेवर होते आणि तीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी म्हणालो नाही. मंगळवारीही म्हणालो नाही. हुकूम-बिकूम काही दिले नाहीत, खोटं लिहिलं ते. चौकटीमागे उभा राहिलो, दाजींना मक्याचं सांगितलं, डबा खाल्ला, घरी आलो. नियम असा आहे, की फेरी संपेपर्यंत पंचानं नेमबाजाच्या हाताच्या अंतरावरून हलायचं नाही. मला वाटलं, म्हटलंच नाही तर हलावं लागणार नाही. पाच महिने मी तिथंच आहे गं. आता दमलो. आणि दाजी त्र्याहत्तर वर्षांचे, ते माझ्याआधीच दमले असतील. तू काही बोलू नकोस, नुसती माझ्यामागे उभी राहा. शब्द मी म्हणतो. तिकिटाचं लवकर कळव; भल्या माणसाला भरल्या बंदुकीनिशी उन्हात उभं करून मी रोज दुपारी जेवायला घरी येतो, हे काही बरं नाही.